शिसवी पलंगाचे चार पाय

माझी कन्या सुवर्णा हिचा विवाह सन १९९६ च्या वैशाखात नामपूरच्या एका सुतार घराण्यात निश्चित झाला, तेव्हा तिला स्वहस्ते घडविलेला पलंग द्यावा असा संकल्प मी केला. पाय काळ्याभोर शिसवीचे आणि उर्वरित सर्व अंग पिवळ्याधमक हळदू लाकडाचे. एका रंगाने दुसऱ्यास उठाव यावा, ही कल्पना सर्वस्वी माझी. माझी पत्नी साळूबाई हिने मात्र प्रथम दिवशीच मत प्रकट केले,

"सागाचा साधा करा की! काळं-पिवळं काय? पोरगी सासरी रिक्षात झोपली म्हणतील."

कलेला विरोध प्रथम घरातूनच होतो.

आम्हा सुतारांत एक नियम आहे. पलंगाचा पाय करताना झाडाच्या बुडख्याची बाजू भूमीकडे व शेंड्याची बाजू आकाशाकडे राहिली पाहिजे. झाड तोडले तरी त्याची रीत तोडू नये. पाय उलटा लागला तर संसार उलटा होतो, अशी वाडवडिलांची श्रद्धा. माझ्या शिसवीच्या ओंडक्यावर लाकूड डेपोचा हातोड्याचा ठसा एकाच टोकास होता. तोच बुडखा, असे मी निःशंकपणे ठरविले. ओंडका उभा चिरून चार पाय काढले व प्रत्येकाच्या त्या टोकास गेरूची खूण केली. तीन खुणा टिकल्या. चौथी आमच्या शेळीने चाटून नष्ट केली. त्या पायाची दिशा मी अंतःप्रेरणेने ठरविली, आणि ही गोष्ट कोणासही सांगितली नाही.

लग्नाला चार दिवस उरले असता वराचे आजोबा चिमाजीबाबा तयार पलंग पाहण्यास गंगापूर रोडवरील आमच्या घरी आले. वय पंच्याहत्तर, त्यांपैकी साठ वर्षे हातात लाकूड तासण्याचा वाकस. त्यांनी चहाचा कप बाजूस ठेवला व डोळे मिटून चारही पायांवरून अंगठा फिरविला.

"मिस्तरी," ते म्हणाले, "तीन पाय एक बोली बोलतस. हाऊ चौथा येगळंच बोली ऱ्हायना. उलटा शे."

त्यांचे बोट नेमके शेळीने चाटलेल्या पायावर होते. माझ्या पायांखालची भूमी सरकली, तरी मी धीरगंभीर स्वरात म्हणालो, "बाबा, हे असंभव आहे."

"उलटा पायना पलंग मना घरमा नई चाले. पोर येऊ द्या, पलंग ऱ्हाऊ द्या."

मुलगी निघून जावी आणि तिच्या पित्याने घडविलेला पलंग ओसरीत पडून राहावा, यापरता अपमान कोणता? उभ्या नामपूरला कळले असते की देवराम सुताराला झाडाचे पाय-डोके समजत नाही. सुवर्णा दारात उभी होती. तिचे डोळे भरून आले.

"पाणीमा टाका," बाबा म्हणाले. "पाणी खोटं नई बोलस. बुडखा जड, तो खाली जाई."

पाचरी काढून चारही पाय सुटे केले. पायांची जाडी वर-खाली समान होती व खाचा वरच्या अंगास होत्या. सर्वांच्या खाचा एका दिशेस ठेवून ते अंगणातील हौदात सोडले. मी मनोमन कुलदेवतेचे स्मरण केले.

तीन पायांची खाचेकडील डोकी पाण्यात दबली. चौथ्याचे मात्र तळाचे टोक दबले.

मग बाबा असे हसले की त्यांना ठसका लागला.

"तीन उलटा! एक सुलटा! मिस्तरी, तुम्हनं कसं काय जमनं हाई?"

आता लपविण्यात अर्थ नव्हता. ठसा, गेरू, शेळी, अंतःप्रेरणा, सर्व मी कथन केले.

"डेपोवाला काय झाड वळखस?" बाबा डोळे पुसत म्हणाले. "जे तोंड रस्ताकडे, त्यावर हातोडा!"

"म्हणजे शेळीनं चाटला तेवढाच बरोबर निघाला," साळूबाई म्हणाली. "चारी चाटून घ्यायचे होते."

"आण्णा, आता?" सुवर्णेने मला विचारले.

शिसव शिल्लक नव्हती. मी हौदाच्या काठावर बसून विचार केला व एकाएकी उपाय सुचला. तीन पाय उलथे केले तर ते सुलटे होतील. त्यांच्या खाचा खाली येतील, म्हणजे पलंग वीतभर बुटका होईल, एवढेच. परंतु चौथ्याच्या खाचा वरच राहतील. त्यास खाली नव्या खाचा पाडाव्या लागतील व जुन्या खाचा हळदूच्या तुकड्यांनी बुजवाव्या लागतील.

"चारमा तोच एक खरा," बाबा म्हणाले, "आनि ठिगळं त्यालेच!"

"जगाचा न्याय असाच असतो, बाबा," मी म्हणालो.

"न्याय ऱ्हाऊ द्या. पटाशी कोठे शे?"

दोन दिवस आम्ही समोरासमोर बसून काम केले. नव्या खाचा त्यांनी पटाशीने पाडल्या, ठिगळे मी बसविली. पाचर ठोकताना त्यांनी मला तीनदा "मूर्खा" म्हटले. मी प्रत्येक वेळी "होय बाबा" म्हणालो.

तिसऱ्या दिवशी पलंग नामपूरला नेण्यास टेम्पो आला. बाबांना पुढे बसण्याची विनंती केली, ती त्यांनी झिडकारली. ते मागे चढले, पलंगावर आडवे झाले व पागोटे तोंडावर ओढून मला म्हणाले,

"गाडी हळू चालाडाले सांग. मी झोपस."