शिंपीणबाईंचं सेंट

मोठ्या तापातून उठल्यापासून शिंपीणबाईंचं नाक संपावर गेलं होतं. दूध करपलं तरी त्यांना पत्ता लागायचा नाही. तरीही रोज दुकानात निघताना त्या गळ्यातल्या स्कार्फवर आपलं लाडकं, जुन्या वळणाचं सेंट लावायच्या.

"तुला वास येत नाही, मग उगाच कशाला?" नवरा चेष्टा करायचा.

"मी सोडलं, तर ते मला विसरेल," त्या म्हणायच्या.

एका दुपारी स्कार्फ चुरगळला म्हणून त्यांनी त्यावर इस्त्री फिरवली. वाफेचा लोट तोंडावर आला आणि त्या थबकल्या. आधी कडवट चामडं, मग लाकडाचा धूर, आणि त्यामागून हळूच सुकलेला गुलाब, त्यांचं सेंटच ते! इस्त्री बाजूला ठेवून त्यांनी स्कार्फात तोंड खुपसलं.

माप द्यायला आलेली मुलगी घाबरली. "काकू, रडताय का?"

"रडतेय कुठली! तू येताना संत्रं खाल्लंस ना?"

"हो! कसं कळलं?"

बाई टेबलावर हात आपटून खदखदून हसल्या. मग नवं कापड, खडू, मशीनचं तेल, एकेकाचा वास घेत त्या दुकानभर हिंडल्या, आज कुणालाच सोडायचं नाही अशा थाटात.