मी कोरडी वर आले

मी एक जुनी मोजकाठी आहे, मित्रांनो. पितळेची, गोल, हातभर लांब, आणि अंगावर बोटाबोटाच्या अंतराने रेघा. तुमच्या दप्तरातल्या पट्टीची मी दूरची आत्या म्हणा ना. फरक एवढाच, की ती वहीवर फिरते आणि मी जहाजाच्या पोटात उतरत असे.

माझा जन्म एका तांबटाच्या दुकानात झाला. त्याने माझ्या अंगावरची एकेक रेघ छिन्नीने कोरली आणि काम संपल्यावर मला उभं धरून फरशीवर सोडलं. टण्ण! "आवाज खणखणीत आहे हिचा," तो म्हणाला. माझ्या दिसण्याविषयी तो काहीच बोलला नाही, याचा मला तेव्हा रागच आला होता.

जहाज कितीही मजबूत असो, त्याच्या तळाशी थोडं पाणी झिरपतंच. ते किती साचलं हे वरून दिसत नाही. म्हणून डेकपासून थेट तळापर्यंत एक लोखंडी नळी असते. माझ्या अंगाला खडू फासायचा, दोरीने मला त्या नळीत सोडायचं आणि वर ओढून बघायचं. जिथवर खडू भिजला, तेवढं पाणी. माझ्या दोरीला एक गाठ होती. मी तळाला टेकले की ती गाठ बरोबर नळीच्या वरच्या तोंडाशी येई.

हे काम जहाजाच्या सुताराचं. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. रोज सकाळी ते मला घेऊन नळीपाशी बसले की डेकवर सगळे गप्प होत. जुने कप्तान तर टोपी काखेत धरून उभे राहायचे. माझा टण्ण ऐकू आला की मिस्त्री आकडा मोठ्याने सांगत आणि स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या पाटीवर लिहीत. पाटीवर आकडा लागल्याशिवाय स्वयंपाकी कुणाला नाश्ता वाढत नसे, कप्तानालासुद्धा नाही. "हिच्या जिवावर आपण निवांत झोपतो," असं जुने कप्तान माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे. खोटं कशाला सांगू, मी तेव्हा मनातल्या मनात फुगत असे.

मग जुने कप्तान निवृत्त झाले आणि नवे आले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. देखणा, हुशार, छातीचा. दाट धुक्यातून त्याने एकदा जहाज सुखरूप बंदरात आणलं होतं. पण त्या दिवसापासून आपलं कधी चुकतच नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. आपलं जहाज कधी थांबत नाही, ही त्याची प्रौढी होती. आकडे वाचून माणसं उगाच घाबरतात म्हणत त्याने पहिल्याच आठवड्यात पाटी उतरवली. मिस्त्रींनी मोजायचं आणि त्याच्या एकट्याच्या कानात सांगायचं, असं ठरलं. तेव्हापासून डेकवरची सकाळची शांतताही गेली. मी नळीत उतरत असताना लोक आपापल्या गप्पा मारत.

त्या शेवटच्या सफरीत जहाजात गव्हाची पोती भरली होती. पुढच्या कोठाराचं लाकडी झाकण एका कडेला कुजलं होतं. निघण्याआधी मिस्त्रींनी दुरुस्तीसाठी एक दिवस मागितला. खलाशांच्या मुकादमानेही त्यांची री ओढली. कप्तान म्हणाला, वर ताडपत्री ताणून बांधा, वादळ येईपर्यंत आपण पलीकडे पोचलेलो असू. बाकीच्यांच्याही मनात पाल चुकचुकत होती, पण सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली.

मिस्त्रींना दुहेरी घोर होता. त्यांचा जावई याच जहाजावर इंजिनात तेल घालायच्या कामाला होता. जावई म्हणजे घरचा पाहुणा, पण आमचा पाहुणा काय तो काळ्या तेलात न्हालेला, अशी सगळे त्याची थट्टा करत. मिस्त्रींच्या मुलीला सातवा महिना लागला होता. धक्क्यावर निरोप देताना ती फार बोलली नाही. "बाबा, यांना परत घेऊन या," एवढंच म्हणाली. मिस्त्रींनी मान हलवली. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीतून मी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी समुद्र उसळला. लाटा ताडपत्रीवर आपटू लागल्या. सकाळी मी नऊ बोटं भिजून वर आले, तिसऱ्या दिवशी पंधरा बोटं. अर्ध्या दिवसाच्या वाटेवर एका बेटाच्या आडोशाला शांत खाडी होती. तिकडे वळू या, असं मिस्त्रींनी परोपरीने सांगितलं. पण पालथ्या घड्यावर पाणी.

चौथ्या दिवशी सकाळी मला पुन्हा नळीत सोडलं. मी खाली गेले आणि कशावर तरी टेकले. पण ते लोखंड नव्हतं. मऊ, दाट काहीतरी होतं. टण्ण झालं नाही, थप्प झालं. वर ओढली तेव्हा माझ्या अंगावरचा खडू पांढराफेक, कोरडाच्या कोरडा होता.

कप्तान हसला. "बघा मिस्त्री. उगाच चार दिवस जीव खाल्लात माझा."

"साहेब, ही तळाला लागलीच नाही," मिस्त्री म्हणाले. "आवाज ऐकलात ना? आणि गाठ बघा. वीतभर वरच राहिली."

"खाऱ्या पाण्याने दोरी आखडली असेल."

"दोरी नाही आखडली. पोती फुटून गहू तळात गेलाय. तो फुगून नळीच्या खालच्या तोंडात बसलाय. पाणी त्याच्याखाली आहे, साहेब."

"हातच्या काकणाला आरसा कशाला? काठी कोरडी आहे. पंपसुद्धा काही ओढत नाही."

पंप ओढणार कसा? त्याच्या तोंडातही तोच गहू बसला होता. माझ्या टोकाला एक फुगलेला दाणा चिकटला होता. कप्तानाने मला हातात घेतलं, तो दाणा अंगठ्याने पुसून टाकला आणि मला आपल्या खोलीत नेऊन मेजाच्या खणात ठेवलं. पंप बंद करायला सांगितलं. मित्रांनो, मी आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते, त्या दिवशीही नाही. पण माझं अर्धंच म्हणणं ऐकलं गेलं, आणि त्या अर्ध्याने घात केला.

दुपारी खणात मी डावीकडे घरंगळले. जहाज डुललं की मी उजवीकडे परत यायला हवं होतं. आले नाही. डाव्या कोपऱ्यात अडकून राहिले. खोलीतला पेलाही डावीकडे सरकून पडला आणि फुटला.

आता कप्तानाच्याही लक्षात आलं. जहाज कलत होतं. तरी त्याने ते खाडीकडे वळवलं नाही. डावीकडची पोती उजवीकडे सारली की जहाज सरळ होईल, असं त्याने ठरवलं आणि जावई अंगाने दणकट म्हणून त्याला कोठारात उतरायला सांगितलं. खोलीचं दार उघडंच होतं. बाहेरचं मला सगळं ऐकू येत होतं; दिसलं नाही ते पुढे चौकशीत कळलं.

"तो जाणार नाही, मी जातो," मिस्त्री म्हणाले. "थप्पी कुठून सुटेल ते मला कळतं."

"मामा, तुम्ही थांबा वर. मी आलोच जाऊन," जावई म्हणाला.

मिस्त्री त्याला एरवी अरेतुरे करत. त्या दिवशी म्हणाले, "जावईबापू, तुम्ही वर दोरी धरा. मी तुमच्या बायकोला कबूल केलंय."

कंबरेला दोरी बांधून ते उतरले. खालची पोती भिजून, फुगून फाटलेली होती. वरची थप्पी त्यांच्यावर आधीच डोलत असणार. एक जडसा धप्पकन आवाज आला. दोरी ताणली गेली, आणि मग जावयाच्या हातात सैल पडली.

त्यानंतर कप्तानाने जहाज खाडीकडे वळवलं. आदल्या दिवशी जे मागितलं होतं, ते आता न मागता मिळालं. कडेपर्यंत पाण्यात बुडालेलं जहाज कसंबसं वाळूला लागलं. अकरा माणसं निघाली होती, दहा किनाऱ्यावर उतरली. मिस्त्रींनी दिलेला शब्द पाळला गेला, पण तो असा पाळायचा नव्हता हो.

पुढे चौकशी झाली. कप्तानाने मला मेजावर ठेवलं आणि सांगितलं, की ही कोरडी वर आली होती, सगळ्यांनी पाहिलं आहे. मी त्याची साक्षीदार झाले. धरणीने पोटात घ्यावं असं मला वाटलं.

मग जावई उठला. त्याने परवानगी मागून मला उचललं आणि उभं धरून फरशीवर सोडलं. टण्ण. मग स्वतःचा कोट काढला, त्याची घडी खाली ठेवली आणि मला पुन्हा सोडलं. थप्प.

"मामांनी हा आवाज ऐकला होता," तो म्हणाला. "साहेब, तुम्हाला नव्हता आला ऐकू?"

कप्तानाने माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "आला होता."

आता मी एका खलाशी-शाळेत काचेच्या पेटीत असते. जावई याच शाळेत शिकवतो. दर शनिवारी शिपाई मला चिंचेने घासून लख्ख करतो. येणारी-जाणारी मुलं म्हणतात, काय चकाकते! माझी दोरी मात्र मळकी दिसते म्हणून केव्हाच फेकून दिली, गाठीसकट. मिस्त्रींची नात आता सात वर्षांची आहे. ती कधीकधी बापाबरोबर येते आणि काचेला कान लावून उभी राहते. काचेतून काय ऐकू येणार, बाळ?

म्हणून मित्रांनो, तुमच्यापाशी एकच मागणं आहे. मला नुसती घासूनपुसून ठेवू नका. मला बाहेर काढा, नवी दोरी बांधा, तिला गाठ मारा, आणि कधीतरी फरशीवर सोडून माझा आवाज ऐका. आणि पुढे तुम्ही मोठे झालात, तुमच्या हाताखाली माणसं आली, आणि त्यातलं कुणी म्हणालं की साहेब, आज आवाज वेगळा आला, तर जुन्या कप्तानांसारखी टोपी काखेत धरा आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत गप्प उभे राहा.