हिरवा ठिपका

थोरली काय काम करते हे ऐकलं की लोकांना आधी हसू यायचं. दिवसभर खुर्चीत बसून कार्टून बघायची आणि वर त्याचा पगार घ्यायचा, असलं सुख कुणाच्या नशिबी असतं? पण लहान मुलांच्या त्या वाहिनीच्या कचेरीत तिच्या विभागाचा भलताच दबदबा होता. कुठल्याही मालिकेचा नवा भाग आधी या विभागातून जायचा. तीन वर्षांच्या मुलाला चालण्यासारखा असेल तर हिरवा ठिपका, सहाच्या पुढचा असेल तर पिवळा, नऊच्या पुढचा असेल तर लाल. भाग सुरू होताना तो ठिपका पडद्याच्या कोपऱ्यात दिसायचा, आणि घरोघरच्या आया हिरवा दिसला की पोराला टीव्हीसमोर बसवून निर्धास्तपणे कामाला लागायच्या.

या कामात थोरलीचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाकीचे दिवसाला दहा-बारा भाग कसेबसे उरकत, ही पंचवीसचा फडशा पाडायची. तिची युक्ती साधी होती. भाग दुप्पट वेगाने लावायचा आणि आवाज बंद करायचा, कारण त्या वेगात सगळी पात्रं चिरचिरत बोलतात आणि डोकं उठतं. मारामारी, हत्यार, आग असलं काही दिसलं तर थांबायचं, नाही दिसलं तर हिरवा. मग बारीक रकान्यांचा लांबलचक फॉर्म. फॉर्मच्या तळाशी एक ओळ छापलेली असायची, 'हा भाग मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आवाजासह, मूळ वेगाने पाहिला आहे.' त्याखाली ती सही ठोकायची. पहिले काही महिने सही करताना हात जरा अडखळायचा. पुढे हाताला सवय झाली.

शेजारच्या टेबलावर एक निवृत्त शिक्षक होते, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. गुरुजी खुर्चीवर बसत नसत. घरून आणलेलं वीतभर उंचीचं स्टूल टीव्हीसमोर टाकून, गुडघे हनुवटीशी घेऊन ते मान वर करून बघायचे. लहान मूल जमिनीवरून बघतं, तिथून राक्षस केवढा दिसतो ते कळायला नको का, असं त्यांचं म्हणणं. विनोद आला की मोठ्याने हसायचे, कुणी रडलं की चष्मा पुसायचे, आणि दिवसाअखेरी त्यांच्या खात्यावर जेमतेम नऊ भाग. एकदा थोरलीने त्यांना विचारलं की गुरुजी, दुसऱ्यांदा निवृत्त व्हायच्या आत ही मालिका संपेल ना? गुरुजी शांतपणे म्हणाले, "अकरा मिनिटांचा भाग बघायला अकरा मिनिटं लागतात, बाई. मला दुसरी रीत येत नाही." सगळा विभाग हसला, आणि सगळ्यांत जास्त थोरली हसली.

घरातही तिचा शब्द अखेरचा. तिची धाकटी बहीण तर ताईला विचारल्याशिवाय टीव्हीचं बटण दाबायची नाही. धाकटीला चार वर्षांची मुलगी होती, तिला सगळे टिंगी म्हणत. टिंगीपायी धाकटी चार वर्षं घरी बसली होती आणि दोनच महिन्यांपूर्वी तिने चष्म्याच्या दुकानातलं आपलं जुनं काम पुन्हा धरलं होतं. फ्रेममध्ये काचा बसवायचं बारीक काम, तिला मनापासून आवडणारं. तिच्या सासूबाई नातीला सांभाळायच्या, पण नाक मुरडत.

शनिवारी दुपारी धाकटीचा फोन आला. सुट्टी होती, नवरा बाहेर गेला होता, सासूबाई जरा आडव्या झाल्या होत्या, आणि तिला गच्चीवर कपडे वाळत घालायचे होते. तेवढा वेळ टिंगीला काय लावून देऊ, असं ती विचारत होती. थोरली आपली नखं कापत बसली होती. अस्वलाच्या पिल्लाची नवी मालिका आलीय, ती म्हणाली, लपाछपीचा भाग मीच पास केलाय, डोळे झाकून लाव.

तासाभराने पुन्हा फोन आला तेव्हा धाकटीला धड बोलता येत नव्हतं. टिंगी सापडत नव्हती. थोरली पायात मिळतील त्या चपला सरकवून धावली. ती पोचेपर्यंत टिंगी सापडली होती, पण मधली पंचवीस मिनिटं सगळ्या घरादाराचा जीव काढून गेली होती. शेजारपाजारचे दोन्ही बाजूंच्या रस्त्यांवर हिंडून आले होते, कुणी तरी पाण्याच्या टाकीत काठी फिरवून पाहिली होती. आणि टिंगी होती आतल्या खोलीत, पांघरुणांच्या लाकडी पेटीत. झाकण पडलं होतं, पण एका रजईचं टोक मध्ये अडकून बोटभर फट राहिली होती म्हणून निभावलं. धाकटी त्या पेटीला पाय लागेल इतक्या जवळून तीनदा हाका मारत गेली होती आणि आतून हूं की चूं आलं नव्हतं.

डॉक्टरांनी तपासून मुलगी ठीक असल्याचं सांगितलं. मग घरात जे व्हायचं ते झालं. सासूबाईंची जीभ सैल सुटली होती. लोकांच्या डोळ्यांवर चष्मे बसवतेस, स्वतःचं लेकरू तेवढं दिसत नाही, असं त्या म्हणाल्या. नवरा चिडला नाही, पण नोकरी आता पुरे, एवढंच म्हणाला. धाकटीने मान डोलावली. तिलाही तेच वाटत होतं. आईने वीस वेळा हाक मारून पोर ओ देत नाही, म्हणजे पोरीला आईची सवयच राहिली नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं. मंगळवारी दुकानात राजीनामा द्यायचा, असं ठरलं. थोरलीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

रविवारी थोरली रंगीत खडूंची पेटी घेऊन भाचीला बघायला गेली. टिंगी तिच्या मांडीवर चढली आणि कानाशी लागली.

"मावशी, मी जिंकले ना?"

"कशात गं?"

"लपाछपीत. आईने किती हाका मारल्या, मी ओ दिलीच नाही. पिल्लूने पण नाही दिली. पेटीत तोंडावर हात ठेवला आणि गप्प बसला. मग त्याला पानांचा मुकुट दिला." टिंगीने गाल फुगवले. "मला नाही दिला कुणी. आई नुसती रडली."

तो पानांचा मुकुट थोरलीला चांगला आठवत होता. तिथे तिने भाग थांबवला होता आणि शेऱ्याच्या रकान्यात 'आनंदी शेवट' असं लिहिलं होतं. पेटी मात्र काही केल्या आठवेना. तेवढ्यात धाकटी चहा घेऊन आली. तिचे डोळे सुजलेले होते. ताई, तुझं कसं सगळं जागच्या जागी असतं, असं ती म्हणाली. सांगायची हीच वेळ होती. थोरलीने कप उचलला, चहा छान झालाय म्हणाली, आणि तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी कचेरीत पोचली. का कोण जाणे, खुर्चीत बसवेना, म्हणून गुरुजींचं स्टूल ओढलं. भाग मूळ वेगाने लावला, आवाज चालू केला.

पिल्लू पेटीत शिरलं, झाकण पडलं आणि पडदा काळा झाला. दुप्पट वेगात, आवाजाशिवाय, तो काळोख तिला एक प्रसंग संपून दुसरा सुरू होण्यासारखा वाटला असणार. आता तो संपता संपेना. काळ्या पडद्यावर फक्त पिल्लाचे दोन डोळे होते, आणि बाहेरून त्याच्या आईच्या हाका येत होत्या. आधी खेळातल्या, मग घाबरलेल्या, मग रडवेल्या. आत पिल्लू तोंडावर पंजा धरून खिदळत होतं. शेवटी सगळे थकले, हरलो म्हणाले, तेव्हा ते बाहेर उडी मारून आलं आणि त्याच्या डोक्यावर मुकुट चढला. आईच्या रडण्याचं पुढे काय झालं ते कुणी दाखवलं नव्हतं.

स्टुलावरून ती काळी पेटी खरोखरच केवढी तरी मोठी दिसत होती. भाग संपला. अकरा मिनिटं लागली होती. मागे गुरुजी येऊन उभे होते. आपली जागा गेलेली बघून ते भिंतीला टेकले आणि डबा पिशवीतून काढत राहिले.

थोरलीला लाज वाटली, पण लाजेपेक्षा अक्कल अजून जास्त होती. ती साहेबांकडे गेली. सुट्टीत कळलं की हा भाग बघून एक मूल पेटीत लपलं, म्हणून आज आल्या आल्या तो पाहिला, तिने सांगितलं, हिरवा काढून टाकावा असं वाटतं. यातला एकही शब्द खोटा नव्हता. साहेबांनी लगेच भाग थांबवला, आणि दुपारी सगळ्यांना बोलावून तिचं भरभरून कौतुक केलं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा मुलांची काळजी वाहणारी माणसं आपल्याकडे आहेत म्हणे. टाळ्या पडल्या. गुरुजींनीही वाजवल्या, त्यांच्या पद्धतीने, मनापासून, सगळ्यांच्या थांबल्यावरही दोन जास्त. धरणीने पोटात घ्यावं असं माणसं का म्हणतात ते तिला त्या दिवशी कळलं.

जागेवर आल्यावर तिने जुना फॉर्म काढला. तळाच्या छापील ओळीवर आडवी रेघ मारली, शेजारी 'पाहिला नव्हता' असं लिहिलं आणि खाली पुन्हा सही केली. साहेब बाहेर गेले होते, तेव्हा तो त्यांच्या टेबलावर, उडू नये म्हणून पेल्याखाली, ठेवला. कपाटात तिच्या सहीचे तीन वर्षांचे फॉर्म होते. त्यांच्याकडे बघायचं धाडस तिला झालं नाही. ती तडक बहिणीकडे गेली.

धाकटी टेबलाशी बसून राजीनामा लिहीत होती. सासूबाई भाजी निवडत होत्या, नवरा बूट सोडत होता, टिंगी जमिनीवर नव्या खडूंनी रेघोट्या ओढत होती. थोरलीला कुणी बस म्हणायच्या आत ती बोलून गेली.

"ती गप्प का बसली ते मला माहीत आहे. त्या कार्टूनमध्ये तसंच आहे. हाका आल्या तरी जो बोलत नाही तो जिंकतो. मी तो भाग पास केला, आणि मी तो बघितलाच नव्हता. सही केली, पण बघितला नव्हता."

म्हणजे काय, नवऱ्याने विचारलं. मग तिला सगळं सांगावं लागलं, दुप्पट वेग, बंद आवाज, दिवसाला पंचवीस. कचेरीत जी हुशारी वाटायची ती या खोलीत एकेक वाक्य बाहेर पडताना उघडीवाघडी दिसत होती. सासूबाईंचे हात भाजीत तसेच थांबले. सुनेला चार शब्द ऐकवले होते ते त्यांना आठवले असावेत, कारण त्या खाली बघत राहिल्या.

धाकटीने पेनाला टोपण लावलं. "हे तुला कधी कळलं?"

"काल. टिंगीने सांगितलं."

"मी चहा आणायच्या आधी?"

"आधी."

धाकटी काही ओरडली नाही. ओरडली असती तर थोरलीला सोसलं असतं. ती नुसती बघत राहिली, एखाद्या काचेवर चरा आहे का ते उजेडात धरून बघावं तशी. सासूबाईंनी भाजी बाजूला सारली. उद्या तू कामावर जा, त्या सुनेला म्हणाल्या, हिला मी बघते. नवऱ्याने टेबलावरचा कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला. थोरलीला वाटलं, आपलं काम झालं, आता निघावं. ती दाराकडे वळली.

"थांब," धाकटी म्हणाली. "ती अजून समजते आहे की ती जिंकली. तिला तू सांग."

मोठ्यांना सांगणं सोपं होतं. थोरली टिंगीसमोर जमिनीवर बसली. तिने सांगितलं की तू जिंकली नव्हतीस, तो खेळ चुकीचा होता. पेटीत कधीच लपायचं नाही, आणि आईने हाक मारली की खेळ असो काही असो, ओ द्यायची. टिंगीने खडू खाली ठेवला.

"पण तू चांगलं आहे म्हणालीस."

"मी बघितलं नव्हतं गं ते."

"न बघताच सांगितलंस?"

"हो."

"खोटं?"

"हो. खोटं."

टिंगीच्या कायद्यात याला एकच शिक्षा होती. "मग तू आऊट. आता राज्य तुझ्यावर."

थोरली उठली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि मोजू लागली. आपला चेहरा कुणाला दिसत नाही याचं तिला बरं वाटलं. सातपर्यंत आवाज धड निघाला, पुढचे आकडे कसेबसे. दहा झाल्यावर तिने हाक मारली, "टिंगे!"

"ओ," पडद्यामागून लगेच आलं. पडद्याखाली दोन पावलंही दिसत होती.

तिने वळून पाहिलं. धाकटी आतल्या खोलीच्या दारात, पांघरुणांच्या पेटीच्या वाटेवर उभी होती. मोजणी चालू असताना ती कधी तरी उठून तिथे गेली होती, आणि थोरलीने पडदा बाजूला करून टिंगीला बाहेर काढेपर्यंत ती तिथून हलली नाही.