वीतभर उंच काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. आजोबांच्या हातातली नव्हे, आणि गुरुजींच्या हातातली तर मुळीच नव्हे. अवाढव्य यंत्रं वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या पुढे एक छोटी गाडी चालते, तिच्या नाकावर मी उभी असायचे. वाटेत मालाला काही लागणार असेल, तर ते आधी मला लागावं, एवढंच माझं काम.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात मासे धरायच्या गळाच्या काठ्या बनत. माझ्या बहिणी तळ्याकाठी सावलीत जाऊन बसल्या आणि माझ्या वाट्याला ऊन, वारा नि डोक्यावर टोले आले. त्याचं मला वाईट वाटलं नाही. मासा फसवण्यापेक्षा माणूस वाचवणं बरं.

अवजड मालाचे नियम कडक असतात. पुढे एक गाडी, मागे एक गाडी, चारही कोपऱ्यांना लाल झेंडे. सूर्य मावळला की असाल तिथं बाजूला थांबायचं, मग घर पुढच्या वळणावर का असेना. काठी कुठंही लागली तर उतरून मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि काठी मालापेक्षा वीतभर उंच हवीच. पुलाखालचा रस्ता बऱ्याचदा खोलगट असतो. छोटी गाडी त्या खळग्यात उतरते, पण लांबलचक ट्रेलर दोन्ही चढांवर टेकून मधे वरच राहतो. ती वीत त्यासाठी असते.

आमच्याकडे हे काम घरातलंच होतं. पुढची गाडी वहिनी चालवायची. ट्रेलर तिच्या धाकट्या दिराकडे होता आणि मागची गाडी तिच्या नवऱ्याकडे. मी गप्प असले की कुणी माझं नाव काढत नसे, आणि टक्कन वाजले की दिराच्या कपाळावर आठ्या पडत. वहिनी मात्र रोज मला फडक्यानं पुसायची.

त्या महिन्यात आम्ही एकाच मापाच्या उंच टाक्या एकाच रस्त्यानं नेत होतो. पुलाच्या अलीकडे एक वाळकी फांदी होती. दर खेपेला मी तिला लागायचे. मग सगळे थांबत, उतरत, मोजत. टाकी फांदीखालून सुखरूप जायची, पण वेळ मोडायचा.

त्या दिवशी सूर्य कलला होता. दिराच्या लेकीनं सकाळी फोनवर विचारलं होतं, "बाबा, आज तरी घरी झोपणार ना?" चहाच्या टपरीवर वहिनी तोंड धूत होती, तेवढ्यात दीर आला. त्यानं माझा पेच सैल केला आणि मला वीतभर खाली घेतलं. मला वाचा असती तर मी तिथंच भांडले असते.

आम्ही निघालो. फांदी आली. मी तिच्याखालून मुकाट्यानं गेले.

वहिनीनं पुलाच्या तोंडाशी गाडी थांबवली आणि वॉकीटॉकी उचलला. "भाऊजी, थांबा. काठी वाजली नाही."

"मग चांगलंच झालं की, वहिनी. चला लवकर, दिवस मावळतोय."

"रोज वाजते. आज काय मौनव्रत आहे तिचं?"

ती उतरली. पेचाच्या जागी माझ्या अंगावर रोजचा घट्टा पडला होता, तो आज पेचाखाली गेलेला तिनं पाहिला. तोवर दीरही जवळ आला होता.

"मीच घेतली खाली," तो म्हणाला. "त्या फांदीपायी रोजचा खोळंबा. माल तर जातोच ना?"

वहिनी भांडली नाही. तिनं मला घट्ट्यावर नीट बसवलं आणि गाडी हळूहळू पुलाखाली नेली.

टक्.

गेल्या खेपेनंतर तिथं डांबराचा नवा थर पडला होता. त्यांनी फीत लावून मोजलं. खळग्यावर ट्रेलर आला असता, तर टाकीचा माथा तुळईत अडकला असता आणि टाकी मागे कलंडली असती. मागच्या गाडीत वहिनीचा नवरा होता.

दीर चालत मागच्या गाडीपाशी गेला. आत त्याचा भाऊ संत्रं सोलत बसला होता.

"काय रे, काय झालं?"

"काही नाही, दादा. आज इथंच मुक्काम." दादानं अर्धं संत्रं पुढे केलं. दिरानं ते घेतलं. नंतर त्यानं लेकीला फोन करून उद्या येतो म्हणून सांगितलं.

पुढे टोले खाऊन माझं टोक चिरलं आणि नवी काठी आली. आता मी अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीला टेकू देते. उन्हानं माझा रंग उडाला आहे. मला पुन्हा रस्त्यावर न्या, असं मी म्हणत नाही. मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी तुम्हाला उठसूट टोकत असेल. दहातल्या नऊ वेळा ते विनाकारण असेल, हेही मला मान्य. तरी त्याला वीतभर खाली घेऊ नका.

रोज सकाळी निघण्याआधी दीर नव्या काठीला स्वतः वीत लावतो आणि हाक मारतो, "वहिनी, मोजली हो." ती तरीही येऊन पुन्हा मोजते. तो वाट बघत उभा राहतो.