कौलयंत्राचं पहिलं उत्तर

ढोकीच्या मठासमोर सकाळी सकाळी जत्रेसारखी गर्दी. ओट्यावर लॅपटॉप, त्याला झेंडूचा हार, मागं यंत्रानंद महाराज.

"माणूस लबाड, यंत्र भोळं! ते न बघता आकडा उचलतं, अन् आकड्यातून देवी बोलती! तुळजाबाई, इचारा."

तुळजाबाईंचा नंबर रोज पहिला. "माजा रणधीर येईल का वं?"

बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली : येईल. सलग एकोणचाळिसावा दिवस! लोकांनी हात जोडले.

मागं उभ्या भुवनेश्वरीबाई शाळेत संगणक शिकवायच्या. आई गेल्यापासून चार वर्षं घरात एकच ताट वाढलेलं. तुळजाबाई त्यांच्या भिंतीला लागून राहायच्या. अकरा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या लेकाची वाट बघणाऱ्या. मोतीबिंदू पिकलेला, कळंबच्या डॉक्टरांनी ऑपरेशन लगेच करा म्हणून बजावलेलं. पण म्हातारी उंबरा सोडायला तयार नव्हती. "म्या दवाखान्यात अन् लेक दारात, मंग?"

बाईंनी तीन दिवस सगळी उत्तरं वहीत उतरवली. क्रम रोज तोच. यंत्र चालू होताना पडद्यावर प्रोग्रामच्या ओळी दिसायच्या; घरी स्वतः तसाच छोटा प्रोग्राम लिहिला, तर क्रम तोच. त्यांना हसू आलं अन् लगेच मावळलं. हे तुळजाकाकूंना सांगायचं कसं?

चौथ्या दिवशी त्या पुढं झाल्या. "आज पहिला नंबर माझा."

"या, या! शिकलेलीबी शेवटी देवीच्या दारात!" महाराज खुलले.

"माझी आई आज घरी येईल का?"

येईल.

लोक एकमेकांकडं बघू लागले. आईच्या तिरडीला खांदा देणारे तिथंच उभे होते.

बाईंनी वही उघडली. "आता 'थांब', मग 'नाही'. विचारा कुणीपण."

लिंबाजीनं म्हशीचं विचारलं : थांब. बलभीमनं नोकरीचं : नाही.

"देवीचा कोप होईल!"

"देवीला मधे आणू नका, महाराज. तिच्या पाया मीही रोज पडते. हा प्रोग्राम पायथनमधला. आकडा काढायला तो सी भाषेच्या लायब्ररीतलं तयार फंक्शन बोलावतो. त्या फंक्शनला सुरुवात कुठून करायची ते सांगितलं नाही, तर प्रोग्राम नव्यानं चालू केला की तेच आकडे, त्याच क्रमानं. पहिल्याला कायम 'येईल'. म्हणून तर काकूंना रोज पहिलं बसवता!" त्या लोकांकडं वळल्या. "नवस करा, कीर्तनाला या. पण चमत्कार दिसला की मागचं उघडून दाखवा म्हणा. त्यानं देव रागवत नाही."

महाराज लॅपटॉप हारासकट पिशवीत कोंबू लागले.

तुळजाबाई तशाच बसलेल्या. "मंग रणधीर येनार न्हाय?"

"ते यंत्राला ठाऊक न्हाय, काकू. मलाबी न्हाय."

बाई त्यांच्याशेजारी टेकल्या. मग म्हातारीनं चाचपडत बाईंचा हात धरला.

"कळंबची यष्टी कवा हाय? आलाच तर वळखाया डोळं तरी पायजेत."