उन्हात वाळवलेला मका

मित्रांनो, मी करडी गावातली एक म्हातारी गावठी कोंबडी आहे. चाळीस जणींसाठी बांधलेल्या खुराड्यात आता मी एकटीच झोपते.

माझा जन्म याच अंगणातला. आमची मालकीण पार्वताबाई. घरची धानाची शेती, पण तिचा जीव सगळा आमच्यात. सकाळी दार उघडून ती हाक मारायची आणि आम्ही एकमेकींना तुडवत धावायचो. त्या धावण्यात मीच पहिली असे. हे बढाई म्हणून सांगत नाही, खरंच सांगते.

यंदा दिवाळीआधी अवकाळी पाऊस आला. कोपऱ्यातली आमच्या मक्याची पोती गळक्या छपराखाली भिजली. आठवड्याने सून दीपमालाने एका पोत्याचं तोंड सोडलं, तर दाण्यांवर हिरवट बुरशी आणि कुबट वास.

ती म्हणाली, "आई, फेकून देऊ काय?"

"धान ओलं झालं त फेकतो काय आपण? आंगणात पसरव. ऊन सारं ठीक करते."

पार्वताबाईचा उभा जन्म भिजलेलं धान वाळवून वाचवण्यात गेला होता. तिचं बोलणं कोणाला चूक वाटणार? दोन दिवसांत मका खडखडीत वाळला. तिने सुपाने पाखडला, बुरशी उडाली, दाणे छान पिवळे दिसू लागले. आम्ही ते आवडीने टिपले.

मी तेव्हा खुडूक होते, अकरा अंड्यांवर बसले होते. दिवसातून एकदाच उतरायची, चार दाणे टिपायची आणि परत टोपलीत जायची. आधी लहान पिल्लं गेली. मग मोठ्यांचे तुरे फिके पडले, पंख ओघळले. पार्वताबाईला वाटलं, मानमोडीची साथ आली. तिने हळदीचं पाणी पाजलं आणि अशक्त झालेल्यांना मुद्दाम जास्त मका घातला. टोपलीत बसून मी आवाज ऐकत असे. रोज दोन-तीन कमी व्हायचे.

शेवटी दीपमाला एक मेलेली कोंबडी घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई घरी आल्या. त्या कोंबडीचं यकृत सुजून पिवळं पडलं होतं, असं त्यांनी सांगितलं. मक्याची मूठ हातात घेऊन त्या म्हणाल्या, "आजी, उन्हाने बुरशी मरते. तिने दाण्यात सोडलेलं विष मात्र तसंच राहतं."

 पार्वताबाई माझ्या टोपलीपाशी येऊन म्हणाली, "माह्याच हातानं चारलं वो तुमाले."

उरलेला मका तिने खोल खड्ड्यात पुरला. पण तोवर मी एकटीच उरले होते. एकवीस दिवस झाले, बावीस झाले. माझ्या एकाही अंड्यातून चोच वाजली नाही. तरी मी बसून राहिले. उठून जायचं कोणाकडे?

आता सकाळी दार उघडलं की मी सावकाश चालत जाते. धावायला बरोबर कोणी नाही. पार्वताबाई नव्या मक्याची मूठ आधी स्वतःच्या नाकाशी नेते, पुन्हा नेते, मग माझ्यापुढे टाकते.

मित्रांनो, बुरशी लागलेला दाणा वाळवू नका, पाखडू नका, सरळ पुरून टाका. तुम्ही टाकलेलं खाताना आम्ही काही तपासत नाही. ज्या हाताने दाणे पडतात, त्या हाताकडे बघूनच आम्ही खातो.