नेरेओ पुन्हा पळाला

बेसबॉलच्या सामन्यात नेरेओ फिप्स पहिल्या बेसवर उभा असला की त्याला पळायला वेळ मिळावा म्हणून मी सोपे चेंडूसुद्धा मुद्दाम सोडायचो. त्याच्यामागून फलंदाजीला येणाऱ्याचं कामच ते. चेंडू टाकणाऱ्या पिचरनं हात उचलला की नेरेओ सुटायचा आणि फलंदाजामागच्या कॅचरनं फेकलेला चेंडू पोचायच्या आत घसरत दुसरा बेस चोरायचा. साखर कारखान्याच्या वस्तीतला पोरगा, उसाच्या गाड्यांमागे अनवाणी पळून तयार झालेला. आमच्या सान पेद्रो गावात त्याला कुणी अडवू शकत नसे.

मग गुडघा गेला. बेस चोरण्याच्या विक्रमाशी बरोबरी झाली होती, मोडायला एक चोरी हवी होती. डॉक्टर म्हणाले, आता बास. नेरेओ समुद्रकाठच्या वाळूत लंगडत पळू लागला. त्याची बायको एउदोसिया खडकावर बसून ओरडायची, "पळायचं तर नीट पळ! कण्हायचं असेल तर घरी चल."

पुढचा हंगाम आमच्या मॅनेजरनं, सगळे मानानं डॉन म्हणायचे त्या ओनेसिमोनं, त्याला बाकावरच बसवलं. शेवटच्या सामन्यात आमच्यातले दोघं तापानं पडले, तेव्हा नाइलाजानं उतरवलं. तिसऱ्या डावात नेरेओ पळाला आणि चांगला हातभर अंतरानं बाद झाला.

"आजोबा, गाढव आणू का?" प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं.

"पुन्हा पळायचं नाही," डॉन ओनेसिमो म्हणाला.

"पळणार."

"आणि पाय मोडला तर?"

"सरपटत जाईन. बेस काय पळून जातोय?"

आठव्या डावात धावा बरोबरीत होत्या. पिचरचा नेम चुकत राहिला आणि नेरेओला पहिला बेस फुकट मिळाला. मी फलंदाजीला आलो. पहिला चेंडू सोडला. तो हलला नाही. दुसरा अगदी ताटात वाढलेला, तोही सोडला. लोकांनी माझ्या आईचा उद्धार केला. तिसऱ्या चेंडूला नेरेओ सुटला, पोटावर घसरला, बोटं बेसला लागली. पंचानं दोन्ही हात पसरले. सेफ! नाबाद!

ढोल फुटतील असे वाजले. विक्रमाची आठवण म्हणून तो बेस उपटून द्यायला माणसं धावली, तर हा त्यावरच बसला.

"हात लावू नका! सामना जिंकायचाय अजून." मग माझ्याकडे बघून ओरडला, "आता तरी मार की रे बाबा! किती सोडशील?"

मी मारला. चेंडू मोकळ्या जागेत पडला. नेरेओ तिसऱ्या बेसला वळसा घालून, एक पाय ओढत, धुळीत कोसळत घरच्या, म्हणजे शेवटच्या बेसवर पोचला. त्याच एका धावेनं आम्ही जिंकलो.

एउदोसिया त्याच्या गुडघ्यावर बर्फ दाबत होती. तो डॉन ओनेसिमोला विचारत होता, "पुढच्या हंगामाला मी आहे ना?"

"आधी उभा तर राहा, येड्या."

नेरेओनं तिच्या खांद्यावर हात टेकला आणि उभा राहिला.